पलंगाखालची मोकळी जागा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी येलदरीला होते. आम्हा निवृत्त शिक्षिकांची दरवर्षी एक सहल निघते. धरण बघायचं हे निमित्त, खरी ओढ तिथल्या ताज्या तळलेल्या मासळीची. हातात गरम तुकडा होता आणि काटे कसे काढायचे ते मी एकीला शिकवत होते, कारण नोकरी संपली तरी शिकवायची खोड संपत नाही. फोनवर वहिनी होत्या. आवाज अगदी रोजच्यासारखा. "ताई, या. तुमचे अण्णा उठंनात." मी विचारलं, डॉक्टरला बोलावलं का. "येऊन गेला डॉक्टर. तुमी या..." तेव्हा मला कळलं. हात धुवायचं भान राहिलं नाही. तसाच तेलकट हात घेऊन मी गाडीत बसले.

पेडगावला पोचेपर्यंत दिवस कलला होता. अण्णाला बाहेर ओसरीवर निजवलं होतं. त्याची मुलगी बंगळूरहून निघाली होती, तिची वाट बघत सगळं गाव अंगणात बसलेलं. मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं, वहिनींजवळ थोडी बसले आणि पाणी प्यायला आत गेले. आत त्याचा उंच पायांचा लोखंडी पलंग रिकामा होता. जेवून तो त्यावर आडवा झाला होता, तो उठलाच नाही. आणि त्या पलंगाखाली आलेल्या पाहुण्यांनी आपलं सामान सारून दिलं होतं. पिशव्या, चपला, कुणाचं हेल्मेट, दुधाची एक किटली. माझं डोकं फिरलं. मी पदर खोचला, खाली वाकले आणि एकेक वस्तू ओढून बाहेर फेकायला लागले. आमचा चुलतभाऊ नामदेव धावत आत आला. "सुमे, काय करायलीस? डोकं ठिकाणावर हाय का?" मी म्हटलं, "हाय. ती बॅग तुझी ना? उचल." बायका दारात गोळा झाल्या. तेवढ्यात ओसरीवरून वहिनींचा आवाज आला, "काढू द्या त्यांना." नामदेवनं आपली बॅग उचलली. दुःखानं बाईला वेड लागलं, असंच बहुतेकांना वाटलं असणार. वाटू दे.

त्या पलंगाखाली काही ठेवायचं नसतं. का, ते सांगायचं तर अण्णाचं सगळं आयुष्य सांगावं लागेल. तेच सांगायला बसले आहे.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, मारोती. परराज्यातल्या एका मोठ्या कारखान्यात तो इंजिनिअर होता. रस्त्यात पेरलेल्या सुरुंगावरून गेली तरी आतल्या जवानांना वाचवील अशी मिलिटरीची गाडी आपल्याच देशात, आपल्याच कारखान्यात तयार करायची, हे काम ज्या मंडळींनी केलं, त्यातला तो एक. अशा कामात कुणाचं नाव पेपरात येत नाही. बक्षीस मिळतं ते गाडीला. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती टीव्हीवर दिसायची, तेव्हा अण्णा आवाज वाढवायचा आणि आम्हाला गप्प बसवायचा, एवढाच त्याचा गाजावाजा.

आमचं घर मेंढरांचं. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी सगळं मेंढरांवर. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन बाहेर पडायचे. तट्टावर संसार लादलेला असायचा, आणि नुकती जन्मलेली कोकरं त्याच्या दोन्ही अंगांना झोळीत, तोंडं तेवढी बाहेर. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ह्या झोळीवरून एक गंमत घडली. त्या गाडीत जवानांच्या सीटा जमिनीवर बसवलेल्या नसतात, वरून टांगलेल्या असतात. हे कळल्यावर गावानं ठेवलेल्या सत्कारात एका वक्त्यानं ठोकून दिलं की मारोतरावांना ही कल्पना लहानपणी पाहिलेल्या कोकराच्या झोळीवरून सुचली. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई तर डोळे पुसायला लागली. अण्णा उठला आणि माईक हातात घेऊन म्हणाला, "साहेब, तसं कायी न्हाई. टांगलेल्या सीटा जगात आधीपासून हायत. आमी त्या बघून केल्या. पण नीट बघून केल्या." वक्त्याचं तोंड उतरलं. परत येताना मी म्हटलं, "अरे, हो म्हटलं असतंस तर काय बिघडत होतं?" तो म्हणाला, "उद्या गाडीत कायी चुकलं तर झोळीला विचारणार का?"

असा हा माणूस. शाळेत मास्तरांशी वाद, औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेला तर तिथल्या सरांशी वाद, कारखान्यात साहेबांशी वाद. आवाज कधी चढायचा नाही आणि मुद्दा कधी सोडायचा नाही. समोरचा दमला की मग हा चहा मागवायचा.

गाडी कशी असते ते त्यानं मला एकदा जेवताना समजावलं. साध्या ट्रकचं पोट सपाट असतं. खाली सुरुंग फुटला की सगळा दणका त्या सपाट पोटावर बसतो आणि वरची माणसं जातात. ह्या गाडीचं पोट मधोमध निमुळतं, होडीच्या तळासारखं, म्हणजे दणका दोन बाजूंना फाकून निघून जातो. हे सांगताना त्यानं भाकरी मधोमध वाकवून तिचं टोक खाली धरलं आणि खालून जोरात फुंकर मारली. भाकरीवरचं पीठ माझ्या तोंडावर उडालं. वहिनी म्हणाल्या, "जेवा आता. फुंकू नका." पण मला समजलं ते समजलंच. पुढं मी वर्गातही भाकरीऐवजी वहीचा पुठ्ठा वाकवून मुलांना हे दाखवायची.

तेव्हा कारखान्यात दोन मतं होती. एका बाजूचं म्हणणं, बाहेरच्या देशांत अशा गाड्या तयार मिळतात, त्याच घ्याव्यात, आपण कशाला डोकेफोड करायची. अण्णाची बाजू दुसरी. त्याचं म्हणणं साधं होतं. बाहेरची गाडी डोंगरात बंद पडली तर पत्र लिहावं लागतं, आपली बंद पडली तर पाना पुरतो. म्हणून त्यानं आणि त्याच्या जोडीदारांनी हट्टानं इंजिनापासून चाकापर्यंत होईल तितकं असं घेतलं, की जे मिलिटरीच्या कुठल्याही मेकॅनिकच्या हाताखालून आधीच गेलेलं आहे. नवं होतं ते पोट आणि आतली बैठक.

पहिली मोठी चाचणी झाली तेव्हा माझा संदीप नुकताच मिलिटरीत लागून सीमेकडच्या डोंगरात गेला होता. तिकडं रस्त्यांवर सुरुंग पेरलेले असायचे. ही मुलं साध्या ट्रकच्या तळाशी वाळूची पोती अंथरायची आणि त्यांवर बसून प्रवास करायची. संदीपनं हे मला हसत हसत सांगितलं होतं. आईला असलं काही हसत सांगू नये, हे मुलांना कोण शिकवणार? त्या दिवसापासून माझं सगळं लक्ष अण्णाच्या गाडीकडं लागलं होतं. चाचणी झाल्याचं कळलं तसा मी फोन केला.

"गाडी फुटली का?"

"न्हाई."

"दार उघडलं का?"

"उघडलं."

"मग गाडी पाठवा की आता. अडलंय कुठं?"

"एका सीटेखाली पेटी ऱ्हायली होती," तो म्हणाला.

गोष्ट अशी होती. टांगलेल्या सीटेखाली मुद्दाम जागा मोकळी सोडलेली असते. दणका बसला की सीट तेवढी खाली येते आणि मणक्याला बसणारा धक्का स्वतः खाते. चाचणीत माणसांऐवजी पुतळे बसवतात. सगळे पुतळे नीट निघाले, एकाचा मणका मात्र गेला. त्याच्या सीटेखाली पान्या-पकडींची पेटी होती. गाडी मैदानावर आणणाऱ्या जवानांपैकी कुणीतरी ती तिथं सारली होती आणि काढायची राहून गेली होती. सीट त्या पेटीवर आदळली. साहेबलोकांचं मत पडलं की ह्यात गाडीचा दोष नाही, पाटी लावा, 'सीटखाली सामान ठेवू नये', आणि पुढं चला. अण्णा अडून बसला. त्याचं म्हणणं, जिथं जागा रिकामी दिसेल तिथं आपला माणूस सामान सारणारच. एस्टीत सारतो, रेल्वेत सारतो, घरात खाटेखाली सारतो. गाडीच अशी करा की सारता येणार नाही. म्हणजे आतली बैठक परत आखायची, परत चाचणी, काम कितीतरी महिने लांबणीवर. वरचे लोक भडकले. पण ते काय, त्यांची पोरं वाळूच्या पोत्यावर नव्हती. माझं होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "पेटी काढ आणि गाडी पाठव. माझं पोरगं पोत्यावर बसायलंय तिकडं."

"तुझंच पोरगं बसणार हाय, म्हणून थांबवायलोय."

मी फोन आपटला.

त्या दिवाळीत अण्णा परभणीला माझ्याकडं भाऊबीजेला आला. मी ओवाळलं, पण अवाक्षर काढलं नाही. टिळा लावला, सुपारी फिरवली, लाडू तोंडात कोंबला, सगळं मुक्यानं. दुसऱ्या दिवशी आम्हाला मावशीकडं पूर्णेला जायचं होतं. पॅसेंजरमध्ये समोरासमोर बसलो. मी खिडकीबाहेर बघत होते, आणि अण्णा एकटक माझ्या पायाशी. बऱ्याच वेळानं म्हणाला, "सुमे, सीटेखाली काय ठेवलंस?"

बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण इतका बिनडोक प्रश्न ऐकून राहवलं नाही. "फराळ आहे. चिवडा."

"कशाला ठेवलास तिथं?"

"मग काय डोक्यावर घेऊन बसू?" आवाज चढला तशी डब्यातली माणसं बघायला लागली, पण मी शिक्षिका, मला माणसांची सवय. "ठेवू नको, ठेवू नको म्हणतोस, मग ठेवू कुठं ते आधी सांग! आधी जागा दे, मग मनाई कर."

खाली काही टिकू नये म्हणून उतरता पत्रा लावायचा, हे अण्णाचं आधीच ठरलं होतं. पण तिथून हाकललेलं सामान जाणार कुठं, ह्याचा विचार झाला नव्हता. पूर्णेपर्यंत तो बोटानं मांडीवर काहीतरी आखत होता. स्टेशन आलं, आम्ही उतरलो, गाडी सुटली, आणि मग माझ्या लक्षात आलं. चिवडा सीटखालीच राहिला होता. तो नांदेडच्या दिशेनं निघून गेला. मी कपाळावर हात मारला, आणि हा माणूस फलाटावर उभा राहून पोट धरून हसायला लागला. "पेटी अशीच ऱ्हायली बघ," म्हणाला, "अशीच." मलाही हसू आलं. आमचा अबोला तिथंच मोडला.

पुढं गाडीत प्रत्येक जवानाच्या पाठीमागं भिंतीला घट्ट बकलाची जाळी आली. खाली उतरता पत्रा, भिंतीला जाळी. ही जाळी माझी, असं मी सगळ्यांना सांगते. अण्णा समोर असला की ऐकून घ्यायचा, हो कधी म्हटलं नाही, नाही पण कधी म्हटलं नाही.

दुसऱ्या चाचणीआधी त्यानं एक वेगळंच केलं. जवानांची एक तुकडी सगळ्या सामानासकट गाडीत बसवून बरेच दिवस नुसती फिरवली. सूचना नाही, पाटी नाही. रोज संध्याकाळी स्वतः गुडघ्यावर बसून सगळ्या सीटांखाली बघायचा. एकदा कुणीतरी हातमोजे ठेवले होते, ते घसरून त्याच्याच बुटांपाशी येऊन पडले होते. त्याखेरीज काही नाही. अण्णाच्या मते खरी चाचणी ती. सुरुंगाची चाचणी नंतर झाली आणि गाडी पास झाली, ते त्यानं मला असं सांगितलं जसं काही ते ठरलेलंच होतं.

तो उशीर मात्र माझ्या मनातून गेलेला नाही. त्या महिन्यांत कुणाकुणाची पोरं पोत्यांवर बसून त्या रस्त्यांनी गेली असतील... सगळी परत आली असतील का? माझा तेवढा सुखरूप राहिला. एकदा मी हे अण्णाला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "त्ये वझं हाय, सुमे. कुठं खाली ठेवलेलं न्हाई मी." त्याचं बरोबर होतं असं मला आज वाटतं. आणि माझंही चूक नव्हतं, असंही वाटतं. ज्यांना ह्यातलं एकच खरं हवं असेल, त्यांनी आपली मुलं मिलिटरीत पाठवून बघावीत.

निवृत्त होऊन अण्णा पेडगावला राहायला आला, त्यानंतरची गोष्ट. दुपारी संदीपचा फोन आला. आवाज मोठा, कान बसलेल्या माणसासारखा. "आई, मी ठीक आहे. आधी ते ऐक. आमची गाडी सुरुंगावर गेली. सगळे ठीक आहेत. एकाचा हात मोडलाय, बस." तो पुढं म्हणाला, "आई, मामाला सांग. खाली काही नव्हतं."

मी अण्णाला फोन लावला. कसं सांगितलं आठवत नाही. त्यानं विचारलं, "समदे उतरले का?"

"उतरले."

"आपल्या पायानं?"

"आपल्या पायानं, अण्णा."

"बरं," तो म्हणाला. "जाळ्या टिकल्या का, तेवढं इचार त्याला." आणि फोन ठेवला. वहिनींनी नंतर सांगितलं की हा माणूस मोरीत गेला आणि बादलीतलं पाणी संपेपर्यंत तोंड धुत राहिला.

आमच्यात बाळाचं जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात. संदीपनं जावळाला रडून सगळं घर डोक्यावर घेतलं होतं, पण अण्णानं त्याला असा काही धरला होता की न्हाव्याचा वस्तरा कुठंही लागला नाही. सुरुंगाच्या त्या प्रसंगानंतर संदीप रजेवर आला, तो घरी बॅग टाकून आधी पेडगावला गेला. मी बरोबर होते. मामाच्या पाया पडून म्हणाला, "मामा, तुमच्या मांडीवर बसल्यागत वाटलं बघा. कुणीतरी धरून ठेवल्यागत." अण्णानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं, मान इकडं वळवून, तिकडं वळवून. मग म्हणाला, "जावळाच्या टायमाला लय रडला होतास." संदीप म्हणाला, "ह्या वेळी बाकीचे रडले." तेव्हा मात्र अण्णाला आवरलं नाही. त्यानं भाच्याला जवळ ओढलं, आणि दोघांची डोकी बराच वेळ एकमेकांना टेकलेली होती. मी चहा ठेवायला आत गेले. कुणीतरी ठेवायलाच हवा होता.

तेव्हापासून अण्णाच्या घरात कायदाच झाला. वर माणूस बसत असेल किंवा निजत असेल तर खाली काही ठेवायचं नाही. पलंगाखाली नाही, खुर्चीखाली नाही, झोपाळ्याखाली तर नाहीच. वहिनी बेजार. खेड्यातलं घर, कांदे कुठं ठेवायचे, ज्वारीचं पोतं कुठं ठेवायचं? "ताई, सांगा की तुमच्या भावाला. हे घर हाय का रणगाडा?" अण्णा म्हणायचा, "रणगाडा न्हाई, गाडी. लय फरक हाय." आणि भिंतीवर आणखी एक जाळी ठोकायचा. त्या घरात कांदे जाळीत, लसूण जाळीत, नातीची खेळणी जाळीत, अण्णाची औषधंसुद्धा जाळीत. पाहुण्यानं पिशवी खाली सारली की अण्णा बोलत बोलत उठायचा, ती उचलायचा, जाळीत अडकवायचा आणि बोलणं पुढं चालू ठेवायचा. मी त्याची टर उडवायची. वहिनी भांडायच्या. पलंगाखालची ती जागा आपल्याला मिळावी म्हणून त्या बाईनं जेवढा जोर लावला, तेवढा कुणी बांधासाठी लावला नसेल.

अंत्यविधीला संदीपला पोचता आलं नाही. तो गेल्या आठवड्यात रजेवर आला. पेडगावला गेलो तेव्हा ऊन कडक होतं. त्यानं पाठीवरची भलीमोठी बॅग काढली, सवयीनं भिंतीकडं गेला, जाळीला लावली आणि पलंगाच्या कडेवर बसला. बसल्या बसल्या आडवा झाला. प्रवासानं दमलेला, बघता बघता त्याला गाढ झोप लागली, तोंड उघडं, लहानपणी पडायचा तसा. मी आणि वहिनी ओसरीवर कांदे निवडत बसलो. अण्णाची आठवण येते का, असं मी त्यांना विचारत नाही, आणि त्या मला विचारत नाहीत. मला रोज येते.

कांदे पुष्कळ होते. जाळ्या भरून उरले. वहिनींनी उरलेल्यांची टोपली उचलली आणि आत निघाल्या. मी म्हटलं, "वहिनी, आता सारा की पलंगाखाली. आता कोण अडवायलंय तुम्हाला?"

त्या दारातच थांबल्या. कमरेवर टोपली, नजर पलंगाकडं. संदीपचा एक हात पलंगावरून खाली लोंबत होता, त्या मोकळ्या जागेत.

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "वर माणूस हाय."

आणि टोपली घेऊन परत माझ्याजवळ येऊन बसल्या.